सरकते फाटक : कडी आधी, रंग नंतर

आमच्या वरूडकडे पूर्वी घराभोवती बाभळीच्या फांद्यांचे कुंपण असे आणि त्याला बांबूचे किंवा पळाट्यांचे कवाड. ते उचलून बाजूला ठेवायचे, आत आले की पुन्हा लावायचे. आता पोरे नोकरीला लागली, कुणी घरकुलाला जोडून दोन खोल्या वाढविल्या, कुणी अंगणाला विटांची भिंत घातली. भिंत आली की फाटक आलेच. पण आपल्या वस्त्यांमधील गल्ल्या अरुंद. दोन पाखांचे फाटक बाहेर उघडले तर रस्ता अडतो, आत उघडले तर अर्धे अंगण खाते. म्हणून रुळावर सरकणारे एकपाखी फाटक बसविण्याकडे आता ओढा आहे. संत्र्याच्या बागांवरही ट्रक आत घेण्यासाठी अशीच फाटके दिसतात.

फाटक ही संसारातील एकदाच होणारी खरेदी. त्यासाठी घरातील बाई वर्षभर पैसे बाजूला टाकते. म्हणून या आठवड्यात आम्ही हाच विषय घेतला आहे. आमचा अनुभव असा की, फाटक सांगायला जाणारा माणूस नक्षी विचारतो, रंग विचारतो, वर भाले हवेत की कमळ हवे ते विचारतो. कडी कशी असेल, हे मात्र कुणी विचारत नाही. ती वेल्डिंगवाला शेवटी उरलेल्या तुकड्यातून लावून देतो आणि फाटकाची सगळी फजिती तिथेच होते.

आमच्याच गल्लीतील एका सामाईक आवाराचे उदाहरण सांगतो. फाटक नवे, रंग चकचकीत. पण रात्री बकऱ्या आत, सकाळी फाटक हातभर उघडे. मंडळींनी बैठक घेतली आणि ठराव करून मोठे कुलूप आणले. शेजारच्या आजीबाई पाहून म्हणाल्या, "कुलूप तं मोठं आनलं बापू, पन फाटक तं तसंच हालते ना!" आजीबाईंनी एका वाक्यात रोग सांगितला. दोष कुलपात नव्हता, कडीच्या दिशेत होता.

हे नीट समजून घेऊ. साध्या दाराला आपण अल्ड्राप लावतो. दार बिजागरीवर फिरते आणि अल्ड्रापची दांडी आडवी जाऊन चौकटीत शिरते. दार ओढणाऱ्याचा जोर एका दिशेला आणि दांडी दुसऱ्या दिशेला, म्हणून दार अडते. आपल्या जुन्या वाड्यांतील अडसरही असाच. जाड लाकडी दांडा दारामागून सरकवून भिंतीतल्या भोकात घालायचा, बाहेरून दहा माणसांनी ढकलले तरी दार हलत नसे. पण सरकत्या फाटकाला हाच अल्ड्राप लावला तर काय होते? फाटक ज्या दिशेने सरकते, त्याच दिशेने दांडीही सरकते. फाटक ओढले की दांडी खांबातून अलगद बाहेर येते. मग लोक साखळी लावतात. साखळीला ढिलाई ठेवावीच लागते आणि त्या ढिलाईतून कुत्रे, बकरी आणि रांगते मूलही सहज निघते.

तेव्हा पहिला नियम हा की, सरकत्या फाटकाची कडी त्याच्या चालीला आडवी पडली पाहिजे. याची सर्वात सोपी आणि स्वस्त रीत म्हणजे आकडा. दीड इंच रुंद, जाड लोखंडी पट्टी घ्यायची. तिचे एक टोक फाटकाच्या पुढच्या उभ्या पाइपला बोल्टने असे बसवायचे की पट्टी वरखाली हलेल. दुसऱ्या टोकाला खालून खाच पाडायची आणि नाक तिरपे कापायचे. समोरच्या खांबावर बोटाएवढ्या जाडीची गोल सळई आडवी जोडायची. फाटक लोटले की आकड्याचे तिरपे नाक सळईवर चढते आणि आकडा स्वतःच्या वजनाने खट्कन खाली बसतो. यात स्प्रिंग नाही, म्हणून गंज चढून ती तुटण्याची भीती नाही. कामावरून दमून आलेली बाई डोक्यावर ओझे असताना फाटक नुसते लोटू शकते.

पण एवढ्याने भागत नाही. गाय मान घासते, बकरी तोंडाने कडी उचलते. यासाठी आकड्याला आणि खाली खांबावरच्या पट्टीला समोरासमोर भोक असावे. दिवसा त्यात साधी खीळ, रात्री कुलूप. शिवाय चोर पहार घालून पाखेच वर उचलतो. पाखे उचलले की त्याच्याबरोबर आकडाही उचलला जातो. म्हणून खांबावर इंग्रजी यू अक्षरासारखी लोखंडी खोबण बसवावी आणि तिचे वरचे तोंड बंद असावे. फाटकाचे टोक बंद होताना या खोबणीत शिरते. मग ते उचलता येत नाही, बाजूला लोटता येत नाही आणि वाऱ्याने हलत नाही. ओढणे आकडा थांबवतो, उचलणे व लोटणे खोबण थांबवते. दोघांची कामे वेगळी, म्हणून दोन्ही हवेत.

आता आपल्या मातीकडे वळू. वऱ्हाडची काळी माती कपाशीला चांगली, पण बांधकामाला नाठाळ. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घालून उभा केलेला खांब दरवर्षी थोडा थोडा कलतो. मृगात नीट बसणारी कडी वैशाखात बोटभर वर नाहीतर खाली जाते. मग घरधनी हातोडा घेऊन कडी ठोकत बसतो आणि शेवटी तार बांधून मोकळा होतो.

यावर दोन उपाय आहेत. एक पायाचा. काळी माती काढून मुरूम लागेपर्यंत खोदावे. दोन्ही खांब आणि मधला रूळ सळई टाकलेल्या एकाच काँक्रीटच्या पट्ट्यावर घ्यावेत. जमीन थोडी हललीच तर तिघे मिळून हलतील, कडी आणि सळई यांची ताटातूट होणार नाही. दुसरा उपाय कडीचा. आकड्याची खाच दीड इंच खोल ठेवावी, सळई तीन इंच लांब ठेवावी आणि खोबणीचे तोंड नरसाळ्यासारखे पसरट करावे. म्हणजे अर्धा इंच इकडेतिकडे झाले तरी कडी लागेल. उन्हाने लोखंडही वाढते. साडेअकरा फुटांचे फाटक हिवाळ्याच्या पहाटेपेक्षा उन्हाळ्याच्या दुपारी ४० अंश जास्त तापले तर दीड-दोन मिलिमीटर लांब होते. तेवढी जागा खोबणीत रबराचा तुकडा लावून सोडावी. तंतोतंत बसविलेली कडी पहिल्या दिवशी छान दिसते, पण पहिल्याच उन्हाळ्यात अडते.

आता जिवाचा प्रश्न. २०२४ च्या पावसाळ्यात पिंपरी-चिंचवड परिसरात सरकते लोखंडी फाटक अंगावर पडून एका चिमुकल्या मुलीचा जीव गेला. ती बातमी अनेकांनी वाचली, हळहळले आणि विसरले. परंतु अशी फाटके कशी पडतात, हे प्रत्येक आईबापाने समजून घ्यावे. बिजागरीचे फाटक खांबाला टांगलेले असते. सरकते फाटक मात्र रुळावर नुसते उभे असते आणि वर त्याला दोन रोलरांनी बाजूने धरलेले असते. ते जास्त सरकून रोलरांच्या पकडीतून सुटले, किंवा रोलरांची पट्टी गंजून निखळली, की ते आडवे होते. म्हणून रुळाच्या दोन्ही टोकांना थांबा हवा. तो नुसता टाका मारलेला नको, काँक्रीटमध्ये पुरलेला हवा. वरच्या रोलरांच्या दोन जोड्या एकमेकींपासून फूटभर अंतरावर असाव्यात. फाटक उघडणीपेक्षा दीड फूट लांब असावे, म्हणजे पूर्ण बंद झाल्यावरही त्याचे शेपूट दोन्ही जोड्यांच्या पकडीत राहील.

मुले फाटकाला लोंबकळून गाडी गाडी खेळतात, हे आपण सारेच पाहतो. त्यांना रागावून उपयोग नाही, फाटक तसे घडविले पाहिजे. खालच्या निम्म्या भागाला पत्रा लावावा, म्हणजे पाय ठेवायला जागा राहत नाही आणि गजांतून घातलेला हात फाटक सरकताना खांबात चेंगरत नाही. कडी चार फुटांवर असावी. लहानग्यांचा हात पोहोचू नये, पण आजीचा पोहोचावा. आणि आतून ती किल्लीशिवाय उघडावी. आग लागली तर किल्ली शोधायला वेळ नसतो.

मोठे फाटक दिवसभर उघडबंद करणेही बरे नाही. अमरावतीच्या परकोटाला मोठ्या वेशींबरोबर लहान खिडक्या होत्या, माताखिडकी हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. मोठी वेस बंद असली तरी माणसाला ये-जा करता यावी, हा त्यातला विचार. जागा असेल तर आपणही बाजूला अडीच फुटांचे लहान दार ठेवावे. चाके कमी झिजतील, कडी जास्त टिकेल.

हिशेबाचेही पाहू, कारण कारकुनाला त्याशिवाय चैन पडत नाही. फाटक बहुधा किलोच्या दराने घडवून मिळते आणि घरी आलेले फाटक काट्यावर कुणी चढवीत नाही. पण हिशेब सोपा आहे. ४० बाय ४० मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप फुटाला सुमारे ७०० ग्रॅम भरतो. १.२ मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस फुटाला पावणेनऊशे ग्रॅम भरतो. साडेअकरा बाय पाच फुटांच्या फाटकाला चौकट आणि तीन उभे पाइप धरून ४८ फूट पाइप लागतो, म्हणजे सुमारे ३४ किलो. संपूर्ण पत्रा लावला तर ५० किलो. चाके व कडी धरून सारे ८५ ते ९० किलो व्हावे. बिलात १२० किलो लिहिले असतील तर नम्रपणे कागद-पेन्सिल पुढे करावी. निम्माच पत्रा लावला तर सुमारे २५ किलो वाचतात. पत्र्याच्या जागी लावलेल्या उभ्या गजांचे वजन मात्र त्यात मिळवावे लागते. वाचलेला पैसा चांगल्या बेअरिंगच्या चाकांवर आणि कडीवर घालावा.

फाटक ताब्यात घेताना पैशाचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी एवढे पाहावे :

१. रूळ पाणसळीत आहे काय? फाटक मध्येच सोडून द्यावे. ते आपोआप सरकू लागले तर रूळ उताराचा आहे. तशा फाटकाचा सारा भार कडीवर किंवा थांब्यावर पडतो.

२. खांब ओळंब्यात आहेत काय?

३. फाटक हळूच लोटले तरी आकडा आपोआप बसतो काय? बसल्यावर जोराने ओढून पाहावे, मग दोघांनी मिळून उचलून पाहावे.

४. दोन्ही टोकांचे थांबे पक्के आहेत काय?

५. पावसाचे पाणी रुळावर साचते काय? एक बादली ओतून पाहावी.

रेल्वेच्या इंटरलॉक असलेल्या फाटकाची रीत मोठी शहाणपणाची आहे. फाटक पूर्ण बंद होऊन कुलूप पडल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही. फाटकवाल्याला वाटले म्हणून भागत नाही, कुलूप खरोखर पडावे लागते. आपणही तीच रीत ठेवावी. कडीच्या या परीक्षा पार पडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. रंग पुढच्या महिन्यात दिला तरी चालेल. रोलरांचे आणि थांब्यांचे बोल्ट मात्र दर सहा महिन्यांनी, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, घरातील कुणीतरी पान्हा घेऊन आवळावेत. हे काम पोरांना शिकविले तर फारच उत्तम, कारण त्या फाटकापाशी सर्वात जास्त वेळ तीच खेळत असतात.