भाग जातो, पण का जातो?

गणिताच्या पेपरच्या दिवशी सकाळी पोटात दुखणारी मुले अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या दवाखान्यांना नवी नाहीत. तपासणीत काही सापडत नाही, पेपर झाला की दुखणे थांबते. म्हणून ते खोटे ठरत नाही. भीती वाढली की मेंदूतील आकडे तात्पुरते धरून ठेवण्याची जागा काळजीच अडवते आणि पाठ केलेला नियम ऐनवेळी निसटतो.

पाचवी-सहावीतल्या विभाज्यतेच्या कसोट्यांचे नेमके हेच होते. दोनची, तीनची, चारची, नऊची अशा कसोट्या एका दमात पाठ करून घेतल्या जातात. तीनसाठी अंकांची बेरीज करायची आणि चारसाठी शेवटचे दोनच अंक पाहायचे, हे का, ते कुणी सांगत नाही. मग परीक्षेत एकीची कसोटी दुसरीला लागते.

कारण सांगायला एक तास पुरतो. समोरच्या रिक्षाचा क्रमांक ४७२५ आहे असे धरा. हजार म्हणजे ९९९ अधिक १, शंभर म्हणजे ९९ अधिक १, दहा म्हणजे ९ अधिक १. नऊने भाग जाणारा सगळा ऐवज बाजूला काढला की हाती ४, ७, २ आणि ५ एवढेच उरतात. त्यांची बेरीज १८. तिला नऊने भाग जातो, म्हणून ४७२५ लाही जातो. चारचे कारण तर आणखी सोपे : शंभरला चारने भाग जातोच, मग शेवटच्या दोन अंकांपलीकडे पाहायचेच कशाला? हे एकदा समजलेले मूल कसोटी विसरले तरी ती पुन्हा मांडू शकते. पुढे अवयव पाडणेही (डॉक्टरांनी दचकू नये, हे गणितातले अवयव) ओझे वाटत नाही : ४७२५ म्हणजे तीन वेळा ३, दोन वेळा ५ आणि एकदा ७ यांचा गुणाकार.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी याच अंकांच्या बेरजेत आयुष्यभर आनंद शोधला. जिला आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, त्या संख्येला त्यांनी 'हर्षद' हे नाव दिले. त्यांच्या नावाने जगभर ओळखली जाणारी ६१७४ ही संख्याही हर्षदच : बेरीज १८, भागाकार ३४३. रिक्षात बसल्या बसल्या हर्षद क्रमांक शोधण्याचा खेळ घरोघरी व्हायला हरकत नाही. उत्तर चुकले तर मात्र ओरडू नये.

एवढे करूनही सहावीतले मूल साध्या बेरजेला बोटेच मोजत असेल, आठ मोठे की सहा यावर अडखळत असेल, तर त्याला आळशी ठरवून आणखी एक शिकवणी लावणे हा उपाय नव्हे. ही गणनअक्षमता असू शकते. तिची तपासणी शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात होते आणि प्रमाणपत्र मिळालेल्या विद्यार्थ्यांना राज्य मंडळाच्या परीक्षेत सवलती आहेत. पालकांनी त्यासाठी दहावीचे वर्ष उजाडण्याची वाट पाहू नये.