समेटाचा फोटो

परवा रात्री साडेनऊला आमच्या पत्रकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो पडला. नवरा-बायको शेजारी शेजारी, हातात गुलाबाचं एकेक फूल. मागं पोलीस अधिकारी, समुपदेशक ताई आणि कुठल्याही फोटोत असणारे गावातले दोन-तीन चेहरे. खाली तयार बातमी : ‘मोडणारा संसार पुन्हा फुलला’. नाव, माहेर, सासर, भांडणाचं कारण, सगळं. अर्ध्या तासात तीन पोर्टलवर चढली पण.

मी लावली नाही. साधू झालोय म्हणून नव्हे. मंडळी, बारा वर्षांपूर्वी अशीच एक बातमी मीच केली होती.

तेव्हा दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. समेटाची बातमी म्हणजे पुण्याचं काम वाटायचं. ती मुलगी फोटोत हसत नव्हती, तर “ताई, जरा हसा की” असं मीच म्हणालो होतो. चार कॉलम लागली. सात-आठ महिन्यांनी बाजारच्या दिवशी ती आमच्या जिन्यात उभी. हाताला प्लास्टर. म्हणाली, “दादा, तुमचं कात्रण सासऱ्यांनी फ्रेम करून लावलंय. भाऊ म्हणतो, पेपरात आलंय ना मिटलं म्हणून, आता कुठल्या तोंडानं परत ठाण्यात जायचं?” भांडायला आली नव्हती. ‘मिटलं नाही’ असं छापता येईल का, एवढंच विचारत होती. मी चहा मागवला. छापलं काहीच नाही.

पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला बलात्कार पीडितेचं नाव छापायचं नाही हे शिकवलं होतं. समुपदेशनाच्या खोलीतलं छापू नये, हे कुणी शिकवलं नाही. खरं तर ते माझ्याआधी त्या खोलीतल्या माणसाला माहीत हवं. जे आईला सांगता येत नाही ते बाई तिथं सांगते, ते बाहेर जाणार नाही या एकाच भरवशावर. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट आहे. मग मार खाऊन आलेल्या बाईची कहाणी प्रेस नोटमध्ये कशी येते?

“तिची संमती होती,” असं सांगतात. पोलीस ठाण्यात, समोर साहेब, दाराबाहेर सासरा. तिथं कोण नाही म्हणेल?

दुसरं म्हणजे, आपल्याकडे समुपदेशक आणि पंच यातला फरकच पुसला गेलाय. दोघांना बसवायचं, “तूही चुकलीस, तोही चुकला” म्हणायचं आणि गाडीत बसवून द्यायचं. कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे २००६ चे नियम वाचा. कोर्टाच्या आदेशानं होणाऱ्या समुपदेशनात पुरुषाला मारहाणीचं समर्थन करायला जागाच नाही, आणि हे त्याला आधीच सांगायचं असतं. सगळ्या पक्षांनी लेखी हरकत सोडल्याशिवाय दोघांपैकी कुणाचा नातेवाईक समुपदेशक म्हणून चालत नाही. आमच्याकडे मात्र मामाच मध्यस्थ आणि मामाच फोटोत!

सगळ्या समुपदेशकांना एका मापानं मोजत नाही. तुटपुंज्या मानधनावर जीव तोडून काम करणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्यातल्या एकीनं मला सांगितलं होतं, “वर फक्त किती मिटली ते विचारतात. एखादी बाई सुखरूप वेगळी झाली, तर ती माझ्या खात्यात नापास.” म्हणजे फोटोची भूक खालून नाही, वरून आहे.

काल या फोटोतल्या ताईंचा फोन आला. “भाऊ, तुम्हीच नाही लावली बातमी?” मी प्लास्टरची गोष्ट सांगितली. बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, “अहवालाला फोटो लागतो हो.” म्हटलं, अहवालाला लावा, ग्रुपवर कशाला?

दोन पोर्टलवाल्यांनी सांगितल्यावर बातमी काढली. तिसऱ्यानं विचारलं, “तिची काही तक्रार आलीय का?” त्याच्याकडं ती अजून आहे. खाली नवऱ्याच्या मित्रांच्या शुभेच्छा आहेत. तुमच्यापैकी कुणी शेअर केली असेल तर आज काढून टाका.