बाकी कोणाच्या खातीं?

आल्प्स पर्वतांत आयबेक्स हा रानबोकड खूर सडून लंगडतांना दिसला, कीं रोग रानांतून आला असें वाटणें साहजिक आहे. वस्तुतः या रोगाचा जंतु मेंढ्यांच्या खुरांत वसतो. मातींत दीर्घकाळ टिकत नाहीं. त्याच्या एका जनुकांतील अल्पशा फरकानें सौम्य वाण उग्र बनतो. स्वित्झर्लंडांत तपासलेल्या रानटी जनावरांत उग्र वाण क्वचितच आढळला, मेंढ्यांत पुष्कळ. म्हणूनच तेथें १ ऑक्टोबर २०२४ पासून रोगनिवारणाची देशव्यापी मोहीम मेंढ्यांपासून सुरू झाली. आमची हयात महसुलाच्या दप्तरांत गेली. एकाची बाकी दुसऱ्याच्या खातीं चढविल्यास वसूल होत नाहीं. रानाकडे बोट दाखविण्यापूर्वीं मेंढपाळानें आपल्या कळपाचे खूर पाहावे. लंगडें मेंढरूं डोंगरकुरणांत सोडूं नये, असें आमचें मत आहे.