झिजलेल्या पार्टांची मैफल

जुन्या पद्मिनी गाडीचे मालक एकत्र आले की रंगाचं कौतुक दोन मिनिटांत आटोपतं आणि डिकीतून खरा माल बाहेर येतो: जळके सीबी पॉइंट, अस्तर संपून रिव्हेट उघडे पडलेली क्लचप्लेट. ती हातोहात फिरते. रिव्हेटांनी फ्लायव्हीलवर चरे पाडले का, हा पुढचा प्रश्न. 1089 सीसीचं इंजिन मे महिन्यात घाटात रुसलं, की इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायचं. पेट्रोलची वाफ झाली की पंपाला ती ओढता येत नाही. (मालकाच्या डोक्यावरही फडकं चालतं.) कुर्ल्यात ही गाडी बनायची थांबून दोन दशकं उलटली. नवा पार्ट मिळाला नाही, तर लेथवाला जुन्याच्याच मापाने घडवतो. तेव्हा झिजलेला बुश भंगारात देऊ नका.