विश्लेषण : स्लीप ॲप्नियावर इंजेक्शन आले, आता ‘सीपॅप’ मशीनची गरज संपली का?

वजन कमी करण्यासाठी गाजलेल्या टिर्झेपटाइड या औषधाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये स्लीप ॲप्नियासाठीही मंजुरी दिली. लठ्ठपणा असलेल्या प्रौढांच्या मध्यम ते तीव्र आजारासाठी ही मंजुरी आहे. मार्च २०२५ पासून हे औषध ‘मौंजारो’ नावाने भारतात मिळते. त्यामुळे रात्रभर मास्क बांधून झोपणाऱ्यांना साहजिकच प्रश्न पडतो : मशीन आता माळ्यावर टाकायचे का?

मशीन नेमके काय करते?

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. श्वासाची वाट अरुंद झाली की घोरणे ऐकू येते. ती बंदच झाली की श्वास दहा सेकंद किंवा अधिक काळ थांबतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू दचकून जागा होतो. श्वास अडण्याचे असे प्रसंग तासाला १५ किंवा अधिक झाले तर आजार मध्यम, ३० पासून तीव्र. सीपॅप खोलीतलीच हवा दाबाने आत सोडून घसा उघडा ठेवते. (अनेक घरांत याला ‘ऑक्सिजनचे मशीन’ म्हणतात, तसे ते नाही.) परिणाम पहिल्या रात्रीपासून दिसू शकतो, पण मास्क काढला की घसा पुन्हा मिटतो.

इंजेक्शनने किती फरक पडतो?

चांगलाच पडतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत रुग्णांचा श्वास सुरुवातीला तासाला सरासरी ५० वेळा अडत होता. वर्षभराच्या उपचारानंतर हे प्रमाण २५ ते २९ ने घटले. जाहिरातीत एवढेच सांगितले जाते. उरलेली वजाबाकी आपण करायची : सरासरी रुग्णाचा श्वास तरीही तासाला वीसेक वेळा अडत होता, म्हणजे आजार मध्यम पातळीवर कायम. शिवाय हे व्हायला महिने लागतात आणि तोवर रात्री तर रोजच येतात. अंगाने बारीक, पण जबडा लहान किंवा मागे असलेल्यांनाही ॲप्निया होतो. या चाचण्या त्यांच्यावर झालेल्याच नाहीत.

मग मशीन नकोसे का होते?

मास्कमधून हवा गळते, नाक कोरडे पडते, वीज गेली की सगळेच थांबते. हृदयविकाराच्या रुग्णांवरील २०१६ च्या मोठ्या अभ्यासात सीपॅपमुळे हृदयविकाराचे झटके किंवा पक्षाघात कमी झाले नाहीत, पण रुग्णांनी ते रात्री सरासरी ३.३ तासच लावले होते. मास्कचा आकार बदलून किंवा ह्युमिडिफायर जोडून यातल्या बऱ्याच तक्रारी सुटतात. पण मशीन विकल्यानंतर त्यासाठी रुग्णाकडे पुन्हा कोणी फिरकत नाही, ही खरी अडचण.

इंजेक्शन घेणाऱ्यांनी काय करावे?

वजन उतरले, घोरणे थांबले म्हणून परस्पर मशीन बंद करू नये. घोरण्याचा आवाज कमी झाला तरी श्वास अडणे सुरू असू शकते. झोपेची तपासणी पुन्हा करून घ्यावी. मशीनचा दाब कमी करायचा की ते पूर्ण थांबवायचे, हे डॉक्टर त्या आकड्यांवरून ठरवतात.