तळघरातील पाणी व गृहस्थाचे कर्तव्य

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा मी धान्याच्या भावाविषयी अथवा बाजारातील अडचणींविषयी लिहीन, अशीच बहुतेकांची अपेक्षा असणार. तथापि ज्याचा सारा जन्म धान्याच्या थप्प्यांत गेला, त्याला ओलाव्यासारखा दुसरा वैरी ठाऊक नसतो. आणि सांप्रत हा वैरी वखारीपेक्षा आपल्या राहत्या घरांच्या तळघरांतून अधिक शिरू लागला आहे. म्हणून व्यापाराची गोष्ट बाजूस ठेवून घरचीच गोष्ट सांगण्याचे मी योजिले आहे.

सुरतेला पुराचे भय नवीन नाही. उकाई धरण १९७२ साली पुरे झाले, त्यापूर्वी १९६८ च्या पुराने शहराची काय दशा झाली हे वडीलधाऱ्यांनी आपणांस सांगितलेच आहे. धरण झाल्यावर लोक निश्चिंत झाले. परंतु ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीने होप पुलाजवळ १२ मीटरची पातळी ओलांडली, आणि तेथील धोक्याची पातळी तर ९.५ मीटर मानली जाते. बाजारपेठांची व घरांची किती तळघरे त्या वेळी बुडाली, हे सुरतेशी व्यवहार असणाऱ्या प्रत्येकास स्मरत असेल. आपले सचिन तापीच्या काठापासून दूर, म्हणून आपण स्वतःस सुरक्षित मानीत आलो. पण जुलै २०२४ मध्ये आणि पुन्हा जून २०२५ मध्ये सुरतेत जे पाणी भरले, ते तापीचे नव्हतेच. अतिवृष्टीने खाड्या तुडुंब झाल्या, आणि पाणी उलट वस्त्यांत शिरले. समुद्रास भरती असली म्हणजे खाडीच्या पाण्यास बाहेर पडण्यास वाट राहत नाही. त्यात आपल्याकडील जमीन काळी व चिकट. पाणी चटकन जिरत नाही, भिंतीस लागून उभे राहते आणि बारीक भेगेतून आत झिरपते. तेव्हा नदी दूर आहे या समाधानात अर्थ नाही.

जुलै २०२४ मधील माझ्या घरचाच प्रसंग सांगतो. दूषण द्यावयाचे झाल्यास ते मलाच द्यावे. एका आप्ताच्या निधनामुळे आम्ही सारे नंदुरबारास गेलो होतो. घरी केवळ आमचा गडी होता. तळघराच्या कोपऱ्यात पाणी जमण्यासाठी खड्डा केलेला, त्यात उत्तम प्रतीचा पंप बसविलेला. त्यामुळे मी निर्धास्त होतो. रात्री पाऊस झोडपू लागला. खड्डा भरला, पण पंप सुरू झाला नाही. पाण्याबरोबर वर चढून पंपाचे बटण दाबणारा जो फ्लोट असतो, तो बारदानाच्या सुतळीत अडकून बसला होता. ती सुतळी माझ्याच घरची! पहाटे गड्यास जाग आली तेव्हा तळघरात गुडघाभर पाणी झाले होते. जुन्या चोपड्या भिजतील म्हणून तो बिचारा अंधारात खाली उतरला. विजेचा बोर्ड हातभर उंचीवर, आणि प्रवाह चालू. त्याच्या पायांत झिणझिण्या आल्या व तो जिन्यावर कोसळला. शेजाऱ्यांनी आरोळी ऐकून मुख्य स्विच बंद केला, म्हणून तो वाचला. मी परत आल्यावर तो मला म्हणाला, “शेठजी, पाणी आल्याचं कळलंच नाही हो. आधी कळलं असतं, तर चोपड्या वाचवल्या असत्या.” त्याला खेद होता तो चोपड्यांचा, मला मात्र त्या दिवसापासून स्वस्थ झोप नाही.

या प्रसंगातून मला जे उमगले ते असे, की पंप विकत घेणे हे कर्तव्याचे अर्धे अंग होय. त्यावर लक्ष ठेवण्याची व्यवस्था करणे हे उरलेले अर्धे. ज्या पंपाकडे कोणी पाहत नाही, तो पंप नसल्यापेक्षाही घातक. कारण पंप नसेल तर मनुष्य सावध तरी राहतो.

आपण व्यापारी, म्हणून हिशेबानेच बोलू. समजा, तळघर १०० चौरस मीटरचे आहे, आणि अंगणातील ३०० चौरस मीटरवरचे पाणी उताराच्या वाटेने तळघराकडे येते. तासास ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर तासाभरात १५,००० लिटर पाणी आत येईल. पंप मिनिटास २०० लिटर उपसणारा असला, तर तासास १२,००० लिटरच जाईल. म्हणजे चालू पंपही मागे पडेल. आणि नेमकी त्याच वेळी वीज गेली, तर दोन तासांत तळघरात ३० सेंटिमीटर, म्हणजे फूटभर पाणी उभे राहील. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. पहिली ही, की उताराच्या तोंडाशी उंचवटा व आडवी जाळीची गटार करून पाणी बाहेरच अडविणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. दुसरी ही, की संकट येण्यास रात्र लागत नाही. दोन तासही पुरतात. म्हणून खबर वेळेवर मिळणे हेच सर्वांत मोलाचे.

ही खबर मिळविण्याची साधने आज सहज मिळतात. अमेरिकेत अनेक घरांना तळघरे असल्यामुळे असे पंप व त्यांच्या धोक्याच्या घंटा तिकडे नित्याच्या वस्तू आहेत. एका पंपाऐवजी दोन असावेत. दुसऱ्याचा फ्लोट किंचित वर ठेवावा, म्हणजे पहिला बंद पडल्यास दुसरा आपोआप सुरू होईल. त्याहून वर तिसरा फ्लोट केवळ घंटेसाठी असावा, आणि ती घंटा स्वतःच्या बॅटरीवर चालावी. पंपाच्याच विजेवर चालणारी घंटा पंपाबरोबरच मुकी होते. एक पंप तरी इन्व्हर्टर अथवा जनित्रावर चालेल अशी सोय असावी. याखेरीज सिमकार्ड घातलेले छोटे यंत्र मिळते. पाणी ठरावीक रेषेवर चढले किंवा वीज गेली, की ते तीन-चार मोबाइलांवर संदेश पाठविते. त्यातील एक क्रमांक शेजाऱ्याचा असलाच पाहिजे; नंदुरबारात बसलेल्या मालकास संदेश पोहोचून उपयोग काय? मात्र त्या सिमकार्डाचा रिचार्ज संपलेला असेल, तर सारे व्यर्थ. मोठ्या पुरात मोबाइलचे मनोरेही बंद पडतात, म्हणून घरातील घंटा सोडू नये. उपसलेले पाणी नळीतून परत येऊ नये यासाठी एकमार्गी झडप असावी, आणि नळीचे तोंड रस्त्यावरच्या पाण्याच्या वर असावे. विजेचा बोर्ड व मुख्य स्विच वरच्या मजल्यावरच असावेत.

येथे एक मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. पंप झिरपणाऱ्या व पावसाच्या पाण्यासाठी आहे; खाडीच रस्त्यावर आली, तर उपसलेले पाणी टाकणार कोठे? ते फिरून आपल्याच दारी येते. अशा वेळी घंटा वाजली म्हणजे पंपाच्या भरवशावर न राहता माणसे वर न्यावीत, वीज तोडावी आणि तळघराचे दार सोडून द्यावे. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या जुन्या राजेंद्र नगरात तळघरातील अभ्यासिकेत पाणी शिरून तीन तरुण विद्यार्थ्यांचा अंत झाला. दोन फूट पाणी उभे राहिले, की मीटरभर रुंद दारावर सुमारे १८० किलोंचा भार पडतो. ५० किलोंची साडेतीन पोती दारास टेकवून ठेवल्यासारखे ते होते. म्हणून तळघरात कोणास निजवू नये, मुलांस अभ्यासास बसवू नये. पूर ओसरल्यावरही घाई नको. बाहेरची जमीन ओली असता आतील पाणी एकदम उपसले, तर बाहेरच्या दाबाने भिंत आत कलू शकते. थोडे उपसावे, भिंतीवर खूण करावी, रात्रभर थांबावे. पाणी पुन्हा खुणेच्या वर चढले नाही, तरच पुढे उपसावे.

कोणी म्हणतील, हा सारा खर्च कशासाठी? असा पाऊस नित्य थोडाच पडतो? त्यांस माझे उत्तर असे, की वखारीला आग नित्य लागत नाही, तरी आपण विम्याचा हप्ता चुकवीत नाही. आणि आणखी एक प्रश्न मी त्यांस विचारीन. पाणी भरल्यावर अंधारात खाली कोण उतरतो? शेठ उतरत नाही. गडी, हमाल किंवा पहारेकरी उतरतो. आपल्या बेफिकिरीची किंमत दुसऱ्याच्या जिवाने चुकती व्हावी, हे आपल्या कुळाचारास शोभणारे नाही. प्रत्येक क्रिया पाहून, यत्नपूर्वक करावी, असे आपणांस बालपणापासून शिकविले आहे. जमिनीवरील किडामुंगीस जपणाऱ्यांनी तळघरात उतरणाऱ्या माणसास आधी जपावे.

म्हणून मंडळापुढे माझी नम्र सूचना आहे. दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस ठरवावा. त्या दिवशी प्रत्येक सभासदाने खड्ड्यात बादल्यांनी पाणी ओतून पंप चालतो की नाही, घंटा वाजते की नाही, संदेश पोहोचतो की नाही हे पाहावे; खड्ड्यातील सुतळी, प्लॅस्टिक व गाळ काढावा. शेजारच्या दोन-दोन घरांची जोडी करून परस्परांचे क्रमांक यंत्रात घालावेत, म्हणजे एकाचे घर बंद असताही घंटा ऐकणारा कोणी राहील. आणि प्रत्येक तळघराच्या दाराशी मोठ्या अक्षरांत पाटी लावावी : ‘वीज बंद केल्यावाचून पाण्यात कोणीही उतरू नये.’ या पाटीस फारसा खर्च नाही, पण आमच्या दाराशी ती त्या रात्री नव्हती.

माझ्या भिजलेल्या चोपड्या पुन्हा लिहून काढता आल्या. गड्याचे काही बरेवाईट झाले असते, तर तो हिशेब मला कोणत्याही वहीत मांडता आला नसता. पुढील पावसाळा येण्यापूर्वी आपण सर्वांनी आपापल्या खड्ड्यात एकदा डोकावून पाहावे, एवढीच विनंती. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.