वस्तीवरची शाळा आणि राज्याचे भांडवल

प्रति,
वित्त विभाग आणि शालेय शिक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : करमाळा तालुक्यातील कमी पटाच्या शाळा व मानवी भांडवलाचा हिशेब

महोदय,

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि सुमारे ११७ टीएमसी साठवण क्षमतेच्या या जलाशयाचे पाणी करमाळा तालुक्याच्या भीमाकाठच्या गावांना येऊन टेकले. या धरणावरील खर्च भांडवली खर्च मानला जातो, म्हणजे ज्यातून पुढे अनेक वर्षे उपयोगी पडणारी मालमत्ता उभी राहते असा खर्च. त्याच पाण्याच्या काठावरील जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकाचे वेतन मात्र महसुली खर्चात, म्हणजे त्या त्या वर्षी होऊन संपणाऱ्या खर्चात, धरले जाते. वास्तविक शिक्षकाच्या कामातून घडलेली वाचण्याची, हिशेब करण्याची आणि नवे शिकून घेण्याची क्षमता पुढची चाळीस वर्षे माणसाच्या कामी येते. पण ती कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, आणि काटकसरीची वेळ आली की कात्री आधी तिलाच लागते.

अर्थशास्त्राने या क्षमतेला मानवी भांडवल असे नाव दिले, त्याला आता साठ वर्षे उलटून गेली आहेत. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० मध्ये अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांच्या संघटनेपुढील अध्यक्षीय भाषणात असे मांडले की, शिक्षण, आरोग्य व प्रशिक्षण यांवरील खर्च हा उपभोग नसून गुंतवणूक आहे, आणि जमीन, यंत्रे व श्रमाचे तास यांच्या वाढीने ज्याचा उलगडा होत नाही अशा उत्पन्नवाढीचा मोठा भाग याच गुंतवणुकीतून येतो. महाराष्ट्राला हा विचार परका नाही. त्याच्याही कितीतरी आधी, १८८२ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून येतो, पण शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हे स्पष्ट दाखवून खेड्यांतील प्राथमिक शिक्षणाची मागणी केली होती.

करमाळा तालुक्यात या सिद्धान्ताचा पडताळा शेतातच घेता येतो. उजनीचे पाणी उसाला मिळाले तसे केळीलाही मिळाले, आणि कंदर परिसरातून केळी आखाती देशांत निर्यात होऊ लागली. निर्यातक्षम केळी निव्वळ पाण्यावर येत नाही. ऊतिसंवर्धित रोपांची निवड, ठिबकमधून वेळापत्रकानुसार द्यावयाची विद्राव्य खते, घडावरील फण्यांची मर्यादित संख्या, केळफूल वेळेवर काढणे, घडाला पिशवीचे आवरण घालणे, फवारणीची मात्रा व तारीख नोंदवून ठेवणे, आणि काढणीनंतर माल सुमारे १३ अंश सेल्सिअस तापमानाला थंड करून पाठवणे, या साखळीतील प्रत्येक दुव्यावर लेबल वाचणारा, प्रमाण काढणारा आणि नोंद ठेवणारा माणूस लागतो. पाणी तेच आणि जमीनही तीच असली, तरी दर एकरी उत्पन्नात जो फरक पडतो, त्यातला मोठा वाटा या माणसाच्या शिक्षणाचा असतो. दुसऱ्या बाजूला त्याच शिवारात दिवाळीच्या सुमारास ऊसतोड टोळ्या उतरतात. मुकादमाकडून उचल घेतलेले जोडपे, म्हणजे एक कोयता, हंगाम संपेपर्यंत फडात राबते आणि त्यांच्या मुलांची शाळा ऐन वर्षाच्या मध्यावर तुटते. एकाच पाण्याने पोसलेल्या या दोन अर्थव्यवस्था आहेत, आणि एकीतून दुसरीत जाण्याचा मार्ग प्राथमिक शाळेतूनच जातो.

ही शाळा कोठे आहे, याला म्हणूनच महत्त्व आहे. पाणी रानात आल्यावर अनेक कुटुंबे गावठाण सोडून आपापल्या शेतात राहायला गेली आणि वस्त्या विखुरल्या. या वस्त्यांवरील शाळांचा पट कमी असण्याचे हे एक मोठे कारण आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव राज्यभरातून मागवण्यात आले, तेव्हा अशा सुमारे १४,७०० शाळा आणि त्यांत शिकणारी सुमारे १ लाख ८५ हजार मुले असल्याचे समोर आले. समूह शाळेच्या बाजूने जे बोलले जाते ते पोकळ नाही. चार इयत्ता एकट्याने शिकवणाऱ्या शिक्षकावर ताण येतो, आणि मुलांना बरोबरीचे सवंगडी व खेळाचे साहित्य मिळत नाही. परंतु सहा-सात वर्षांच्या मुलीने, हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर ज्या रस्त्यावरून धावतात, त्या रस्त्याने रोज काही किलोमीटर जावे अशी अपेक्षा धरली, तर कागदावर शाळा एकत्र होतील आणि प्रत्यक्षात मुली घरी राहतील. शिक्षण हक्क कायद्याखाली पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, हा निकष याच कारणासाठी आहे.

इंडोनेशियाने १९७३ ते १९७९ या काळात तेलाच्या उत्पन्नातून ६१ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या; एस्थर दुफ्लो यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या शाळांमुळे मुलांची शालेय वर्षे वाढल्याचे आणि मोठेपणी त्यांची मजुरीही वाढल्याचे आकडेवारीने दाखवले. जवळ शाळा असणे ही स्वतःच एक गुंतवणूक ठरते, हे त्यातून सिद्ध होते. लहान शाळा म्हणजे निकृष्ट शाळा, हा समजही शेजारच्या माढा तालुक्याने खोटा ठरवला आहे. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड वापरण्याचा त्यांचा प्रयोग पुढे राज्याने स्वीकारला.

लेखाशीर्षांची रचना एकट्या राज्याला बदलता येत नाही, हे मान्य आहे. परंतु अर्थसंकल्पासोबत मानवी भांडवलाचे स्वतंत्र विवरणपत्र सादर करण्यास कोणताही अडसर नाही. शिक्षकांच्या रिक्त जागा, तिसरीच्या मुलांचे वाचन, हंगामात शाळा सुटलेली मुले आणि शाळेपर्यंतचे अंतर यांची तालुकावार नोंद त्यात असावी. असे विवरणपत्र तयार होऊन विधिमंडळापुढे येईपर्यंत करमाळा तालुक्यातील एकही वस्तीवरची शाळा केवळ पटाच्या आकड्यावरून बंद करू नये, आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांचा निधी गाळप सुरू होण्यापूर्वी शाळांपर्यंत पोहोचवावा, अशी दोन्ही विभागांना आग्रहाची विनंती आहे.